अण्णाचं वाक्य यंत्राने पुरं केलं, तर ते बोलणं कुणाचं?

अनगोळची ताई :

नमस्कार मंडळी. मी बेळगावात अनगोळला राहते. मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायची, आता निवृत्त. माणसाचं मन आणि एआय पुढे एक होणार म्हणतात, त्याबद्दल विचारायचं आहे. पण हवेत विचारत नाही, घरातल्या माणसाबद्दल विचारते.

माझा थोरला भाऊ, अण्णा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होता. ओतकामाचे लाकडी नमुने करायचा. त्याला मोटर न्यूरॉन डिसीज आहे. आधी हाताची पकड गेली, मग जीभ जड झाली, आता बोलणं पूर्ण बंद आहे. बुद्धी शाबूत, कान शाबूत, डोळे हलतात. बातम्या ऐकतो, राजकारणावर कुणी चुकीचं बोललं की डोळ्यांनीच झापतो.

आम्ही त्याच्याशी पुठ्ठ्यावरच्या अक्षरतक्त्याने बोलतो. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आहे. बाराखडीचा क्रम नाही, त्याने सांगितली तशी मांडणी आहे. जास्त लागणारी अक्षरं वरच्या ओळीत, ङ आणि ञ काढूनच टाकलेले. मी ओळीवर बोट ठेवते. ओळ बरोबर असली की तो डोळे वर करतो. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी ओळ. नको असलं की डोळे मिटतो. जोडाक्षरं तो तोडून सांगतो, आम्ही जोडून घेतो. "पंखा बंद कर" एवढं सांगून होईपर्यंत हातातला चहा निवतो.

त्यामुळे समोरचा माणूस अंदाज करणारच. माझा भाचा, म्हणजे अण्णाचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. तरुण, घाईचा. एकदा अण्णाने "पा" सांगितलं. भाचा म्हणाला, "पाणी?" डोळे मिटले. "पाय चेपू?" पुन्हा मिटले. त्याने परत विचारलं, "पाणीच ना?" तेव्हा अण्णाने डोळे वर केले. चमच्याने पाणी पाजून झालं. थोड्या वेळाने वहिनी आली, तिने त्याला कुशीवर केलं, तर चादरीची घडी रुतून पाठीवर लाल वळ उठलेला. त्याला "पाठ" म्हणायचं होतं. पण नाही नाही म्हणत बसण्यापेक्षा नको असलेलं पाणी पिणं त्याला सोपं वाटलं. दमलेला माणूस चुकीच्या अंदाजालाही होय म्हणतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

आता खरी गोष्ट. पाडव्याला वहिनीने अण्णाला ओवाळलं. अण्णाला काहीतरी सांगायचं होतं. तक्त्यावर "तू" आलं, "दम" आलं, पुढे तो थकला. भाच्याने ती अक्षरं फोनवरच्या एआयला दिली, आजाराचं आणि पाडव्याचं सांगितलं. त्याने लगेच तीन वाक्यं रचून दिली. भाच्याने तिन्ही वाचून दाखवली. दुसऱ्या वाक्याला अण्णाने डोळे वर केले. ते होतं, "तू माझ्यासाठी जे केलंस त्याचं ऋण मी या जन्मी फेडू शकणार नाही." वहिनी रडली. मीही रडले. भाच्याने ते वाक्य छापून कपाटाला चिकटवलंय.

पण अण्णाला मी जन्मापासून ऐकते आहे. तो असं बोलत नाही. त्याचं बोलणं "दमलीस की गे, बस जरा" या जातीचं. फौंड्रीतल्या पोरांवर ओरडायचा ते सुरू कन्नडात व्हायचं आणि संपायचं मराठीत. दुसऱ्या दिवशी मी तक्ता घेऊन बसले आणि विचारलं, "कालचं ते वाक्य तुझं काय रे?" त्याने सावकाश सांगितलं, "खरं हाय, पण". तिथे डोळे मिटले. त्या दिवशी परत तक्ता घेतला नाही.

भाच्याचं म्हणणं असं, की आत्ती, अजून थोडी वर्षं थांब. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोडचं, म्हणजे मेंदूतले संकेत टिपणाऱ्या बारीक टोकांचं, यंत्र बसवलं, मानेखालचं शरीर लुळं पडलेला तो माणूस नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळतो. पुढे मेंदू आणि एआय यांच्यात भिंतच राहणार नाही. रे कुर्झवाईल या अमेरिकी संशोधकाने त्यासाठी २०४५ साल सांगितलंय. मग तक्ता नको, अंदाज नको, अण्णा विचार करेल आणि यंत्र बोलेल.

अण्णा बोलणार असेल तर मला ते यंत्र उद्या हवंय. त्यासाठी घर गहाण टाकायचीही माझी तयारी आहे. मला एवढंच कळून घ्यायचंय, की मेंदूतून निघालेलं आणि यंत्राने भरलेलं यांची सरमिसळ नेमकी कुठे होते? अण्णाच्या त्या "पण"पुढे यंत्र काय घालेल? आणि त्याने जे घातलं ते अण्णाला नको असेल, तर दमलेल्या माणसाने नाही कसं म्हणायचं? यातलं काम जवळून माहीत असणारं कुणी असेल तर सांगा.

मच्छे ते बंगळूर :

ताई, नमस्कार. मी मच्छेचा, शिक्षण बेळगावातच, आता बंगळूरला वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देता येण्याजोगं काम गेल्या दोन-तीन वर्षांत झालंय.

आधी एक समजूत दूर करतो. सध्याची बोलकी यंत्रं मनातले विचार वाचत नाहीत. बोलायचा प्रयत्न केला की मेंदूचा जो भाग ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र यांना हुकूम सोडतो, त्या भागातले संकेत ती पकडतात. अण्णांच्या आजारात हुकूम पोचवणारी वाट तुटते, पण हुकूम सुटायचा पूर्ण थांबत नाही. अमेरिकेत यूसी डेव्हिस विद्यापीठात अण्णांसारखाच आजार असलेले केसी हॅरेल नावाचे गृहस्थ आहेत. त्यांच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले आणि २०२४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. सव्वा लाख शब्दांच्या साठ्यातून १०० पैकी सुमारे ९७ शब्द बरोबर येतात. आवाजही त्यांचाच, आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेला.

सरमिसळ होते ती इथे. इलेक्ट्रोडकडून शब्द येत नाहीत. दर क्षणी इंग्रजीतल्या ३९ उच्चारांपैकी कोणता किती शक्य आहे, याचा अंदाज येतो, आणि तो बराच धूसर असतो. त्या धूसर उच्चारांवरून शब्द आणि वाक्य जुळवायचं काम भाषेचं मॉडेल करतं, म्हणजे तुमच्या भाच्याच्या फोनवर आहे त्याच जातीचं यंत्र. उच्चार "पा"सारखा वाटला आणि पुढचं नीट आलं नाही, तर लोक एरवी काय बोलतात ते बघून ते पाणी, पाय की पाठ हे ठरवतं. त्या ९७ मध्ये मेंदूचा वाटा आहे आणि मॉडेलचाही. वाक्य पडद्यावर येतं, आणि बरोबर आहे की नाही हे माणूस डोळ्यांच्या इशाऱ्याने सांगतो. म्हणजे शेवटचं होय-नाही तिथेही डोळ्यांनीच आहे, तुमच्या घरात आहे तसंच.

दुसरी वाटही आहे, आणि तुमच्यासाठी तीच जास्त महत्त्वाची वाटते. त्याच गृहस्थांवर त्याच गटाने २०२५ साली दुसरा प्रयोग छापला. पहिलं नाव मैत्रेयी वैरागकर यांचं आहे. यात मधे शब्दही नाहीत आणि भाषेचं मॉडेलही नाही. मेंदूचे संकेत थेट आवाजात बदलतात, सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात. त्यामुळे हुंकार देता येतो, प्रश्नाचा सूर वर नेता येतो, यंत्राने कधी न ऐकलेला शब्द बोलता येतो, साधी चाल गुणगुणताही येते. पण ऐकणाऱ्यांना १०० पैकी साधारण ६०च शब्द कळले. यंत्राशिवाय त्यांचं बोलणं कळायचं ४ शब्दांइतकं.

म्हणजे आजचा हिशेब असा आहे, ताई. अंदाज घेतला तर बोलणं स्वच्छ, पण यंत्राने पुसून काढलेलं. अंदाज सोडला तर अडखळतं, पण जे आहे ते त्या माणसाचंच. हा आकडा पुढे सुधारेल, मला खात्री आहे.

दोन भाषांचं तुम्ही लिहिलंत म्हणून आणखी एक. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०२४ मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन भाषा बोलणाऱ्या एका पक्षाघाताच्या रुग्णावर काम छापलं. दोन्ही भाषांसाठी मेंदूचा तोच भाग, बरेचसे तेच संकेत, कारण तोंड एकच. आत्ता कोणती भाषा चालू आहे हे यंत्र संभाव्यतेवरून ठरवतं. एका वाक्यात कन्नडाने सुरुवात आणि मराठीने शेवट करणाऱ्या आपल्या गावच्या माणसासाठी असं यंत्र बनवायचं, तर त्याला आधी तसं बोलणं भरपूर ऐकवावं लागेल. पुस्तकी मराठी आणि पुस्तकी कन्नड वेगवेगळं शिकवून भागणार नाही. मराठीसाठी मद्रास आयआयटीच्या एआयफोरभारतसारख्या गटांनी आवाजाची खुली मॉडेलं केली आहेत, पण फौंड्रीतलं बोलणं त्यात कुठून येणार? ते आपल्याकडूनच जायला हवं.

भाच्याला २०४५ बद्दल एक सांगा. कॅलटेक या अमेरिकी संस्थेतल्या दोघा शास्त्रज्ञांनी २०२४ च्या शेवटी हिशेब मांडला, की माणूस टायपिंग करो, बोलो किंवा व्हिडिओ गेम खेळो, त्याच्या जाणत्या विचाराचा वेग सेकंदाला सुमारे १० बिट (माहितीचं सगळ्यात छोटं माप) इतकाच असतो, ज्ञानेंद्रियं मात्र सुमारे एक अब्ज बिट घेत असतात. धडधाकट माणसाच्या डोक्यात जाड तार घातली म्हणून विचार भराभर होणार नाही. या यंत्राचा खरा उपयोग ज्यांची तोंडं बंद झाली त्यांनाच आहे. आणि ही यंत्रं अजून चाचणीतच आहेत, विकत मिळत नाहीत. घर गहाण टाकू नका.

उद्यमबाग वर्कशॉप :

ताई, मी उद्यमबागेत टर्निंगचं वर्कशॉप चालवतो. फौंड्रीतले पॅटर्न मेकर म्हटल्यावर वाचतच बसलो. त्या माणसांची नजर काय असते ते मला ठाऊक आहे.

माझं सांगणं साधं आहे. यंत्र बसवणारा उद्या असेल काय, ते आधी विचारा. माझ्याकडे एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं यंत्र, आहे. लोखंड अजून ठणठणीत, पण कंट्रोलर बनवणाऱ्यांनी तो प्रकारच बंद केला. सुटा भाग मिळत नाही, सॉफ्टवेअर कुणाला येत नाही. यंत्र कोपऱ्यात उभं आहे. ते कोपऱ्यात उभं करता येतं. डोक्यातल्याचं काय करणार?

आणि हे घडलंय. सेकंड साइट नावाच्या अमेरिकी कंपनीने अंधांसाठी डोळ्यात बसवायचं आर्गस टू काढलं होतं, त्याला २०१३ मध्ये तिथली सरकारी मंजुरी मिळाली. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बंद केलं, नंतर कंपनीच बुडायच्या बेताला आली. लोकांच्या डोळ्यात यंत्र तसंच, दुरुस्त करणारं कुणी नाही. मन एक होणार म्हणतात, तर कुणाच्या गोडाऊनशी एक होणार, तेही बघायला नको काय?

अण्णांना नमस्कार सांगा. त्यांच्या हातचे नमुने बहुतेक आमच्याही कास्टिंगमधून गेले असतील.

निपाणीकर वकील :

थोडी कायद्याची बाजू. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या हालचालींचं आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीचं संरक्षण घातलं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डोक्यावर लावायचं यंत्र विकणाऱ्या एका कंपनीला एका माजी खासदाराच्या मेंदूची माहिती पुसून टाकायला लावली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये मेंदूची माहिती संवेदनशील माहितीत धरली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा आहे, पण त्यात मेंदूच्या माहितीचा वेगळा उल्लेख नाही. ताई, संमतीपत्र आलं तर ते मराठीतच मागा आणि अण्णांना तक्त्यावर वाचून दाखवा. डोळे मिटायचा हक्क त्यात लिहिलेला आहे की नाही ते बघा.

अनगोळचा भाचा :

आत्ती, मीच. तू इथे लिहिलंयस हे मला आईने सांगितलं. राग नाही आला, पण माझी बाजूही लोकांना कळू दे.

पाण्याचं तू लिहिलंस ते खरं आहे. पण आत्ती, अंदाज तूपण करतेस. अण्णा "के" म्हणाला की तू "केबल लाव" म्हणतेस, आणि बरोबर असतं, कारण तू त्याला साठ वर्षं ओळखतेस. आईला तर एक अक्षरही लागत नाही. मग त्याचं बोलणं आधीच निम्मं आपल्या डोक्यात होतं की. क्लार्क आणि चाल्मर्स या दोघा तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये लिहिलं, की विसरभोळ्या माणसाची वही हीसुद्धा त्याच्या मनाचाच भाग मानायला हवी. तसा तो पुठ्ठा अण्णाच्या मनाचा भाग आहे, तूही आहेस. फोन आला म्हणून नवीन काय झालं?

स्टीफन हॉकिंगनाही हाच आजार होता. १९८५ पासून त्यांना आवाज नव्हता. पुढे गालाच्या एका स्नायूने ते शब्द निवडायचे, आणि पुढचा शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर त्यांच्याच जुन्या लेखनावर शिकवलेलं होतं. कुणी म्हणालं काय, की ते त्यांचं बोलणं नव्हे? अण्णाला मनात होतं ते आईपर्यंत पोचलं. मला तेवढं पुरे होतं.

अनगोळची ताई :

अरे, मला तुझा राग नाही. पाडव्याला तू नसतास तर वहिनीपर्यंत काहीच पोचलं नसतं, हे मला मान्य आहे. हॉकिंग यांचं उदाहरणही बरोबर दिलंस. पण त्यातलंच नीट बघ. सॉफ्टवेअर त्यांच्याच लेखनावर शिकवलं होतं. चांगला नवा आवाज देऊ केला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही, जुनाच यांत्रिक आवाज ठेवला, कारण तो आता आपला म्हणून त्यांना वाटत होता. कशाला आपलं म्हणायचं ते त्यांनी ठरवलं. अण्णाला ते ठरवायला मिळालं नाही. जगभरच्या लिखाणातून आलेली तीन वाक्यं त्याच्यापुढे ठेवली, चौथं "यातलं एकही नाही" हे ठेवलंच नाही.

मी अंदाज करते तेव्हा चुकले तर त्याचा चेहरा मला दिसतो. भुवई जराशी आत जाते. मी थांबते. तू जे यंत्र म्हणतोस त्याला ती भुवई दिसायला हवी.

आणि माझी खरी भीती वेगळी आहे. चुकीचा शब्द आला तर कळतो, दुरुस्त करता येतो. बरोबर अर्थाचं पण परकं वाक्य आलं तर ते कुणी दुरुस्त करत नाही. ते गोड असतं, सगळ्यांना आवडतं, कपाटावर चिकटतं. असं वर्षभर चाललं तर घरातले लोक त्या वाक्यातल्या अण्णाला अण्णा समजायला लागतील. अण्णाही दमून त्यालाच डोळे वर करत राहील. मन एक होणं म्हणतात ते असं झालं, तर त्यात एकाचंच मन उरेल, आणि ते अण्णाचं नसेल.

मच्छेच्या दादांनी लिहिलेलं सगळं मी काल अण्णाला वाचून दाखवलं, तुमचं ९७ आणि ६०ही. उद्यमबागवाल्यांचा नमस्कारही सांगितला. त्यावर त्याने तक्ता मागितला, आणि मी एकही अक्षर पुढचं न सुचवता बसून राहिले. त्याचं उत्तर आलं, "बाहेर ते. घरात हे." म्हणजे डॉक्टर, बँक, कचेरी इथे स्वच्छ बोलणारं चालेल, घरात अडखळणारं पण आपलं हवं. दोन्ही एकाच यंत्रात मिळतं काय, आणि कोणतं चालू आहे हे ऐकणाऱ्यालाही कळतं काय?

मच्छे ते बंगळूर :

ताई, अण्णांचं उत्तर मी आमच्या कामाच्या बैठकीत सांगणार आहे, तुमची परवानगी असेल तर. दोन्ही वाटांना इलेक्ट्रोड तेच लागतात, पुढचं सॉफ्टवेअर वेगळं. त्यामुळे एकाच यंत्रात दोन्ही ठेवायला तत्त्वतः अडचण नाही. मॉडेलने किती भरलं ते पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवणंही अवघड नाही, फक्त ते कुणीतरी मागायला हवं.

डोळे मिटण्याबद्दल. स्टॅनफर्डच्या गटाने २०२५ मध्ये चार जणांवर काम छापलं. तोंड हलवायचा प्रयत्न न करता मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात पकडता येतात, असं त्यात दिसलं. नको असलेलंही पकडलं जाऊ शकतं, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी कुलूप ठेवलं. परवलीचा शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकतच नाही, आणि तो शब्द ९८ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला गेला. म्हणजे "आता ऐकू नका" हे सांगायची सोय यंत्रात आधीपासून घालता येते.

खानापूरची वाचा-उपचारतज्ज्ञ :

ताई, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. मोठ्या यंत्राची चर्चा होऊ दे, पण या आठवड्यात करता येण्यासारखं दोन-तीन आहे.

तक्त्याच्या सगळ्यात वर, पहिल्याच बोटाला येईल अशी एक ओळ घाला. "चुकलं, परत", "अंदाज करू नका", "अर्थ बरोबर, शब्द नकोत", "दमलो, नंतर". पहिल्या अक्षराआधी तुम्ही या ओळीवरून बोट फिरवायचं. नाही म्हणणं होय म्हणण्याइतकं स्वस्त झालं की दमलेला माणूस खोटं होय म्हणत नाही. भाच्याने एआय जरूर वापरावं, पण चौथा पर्याय कायम "यातलं नाही" असावा, आणि तो आधी वाचावा. शेवटी वाचलं तर तोवर माणूस थकलेला असतो.

दुसरं, आवाज. बोलणं गेलं तरी जुना आवाज कुठेतरी असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने पक्षाघाताने बोलणं गेलेल्या एका बाईंचा आवाज त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओतल्या भाषणावरून परत बनवला होता. अण्णांच्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोट शोधा. भाऊबंद, फौंड्रीतले जोडीदार, किराणा दुकानदार, ज्यांना ज्यांना ते पाठवायचे त्यांच्या फोनमध्ये असतील. भजनाची कॅसेट असली तर ठेवा, पण टाळ-मृदंगात आवाज बुडालेला असतो. साधं बोलणं जास्त कामाचं. कन्नड-मराठी मिसळलेलं तर मुद्दाम ठेवा, ते साफ करत बसू नका. लोक फोन बदलतात आणि जुनं पुसतात, म्हणून उशीर नको.

उद्यमबाग वर्कशॉप :

ताई, फौंड्रीचं नाव इथे लिहू नका, मला निरोपात कळवा. त्या लाइनीतली बरीच माणसं माझ्या ओळखीची आहेत. एकाच्या फोनमध्ये सापडल्या तरी बघू. फौंड्रीतल्या कोर शॉपची माणसं जुनं काही पुसत नाहीत.

अनगोळची ताई :

सगळ्यांचे मनापासून आभार. मच्छेचे दादा, अण्णाने परवानगी दिली आहे, आपलं नाव घालू नका एवढंच म्हणाला. वकीलसाहेबांचं संमतीपत्राचं लिहून ठेवलंय.

वरची ओळ काल केली. अण्णाने तिच्यात स्वतःहून एक भर घातली, "वहिनीला बोलवा" नव्हे, "तिला बोलवा". वहिनी म्हणणारी मी आहे, तो नव्हे. असं बारीकसारीक यंत्राला शिकवायचं असेल तर शेजारी बसूनच शिकवावं लागेल असं दिसतं. "अर्थ बरोबर, शब्द नकोत" ही ओळ त्याने आजच दोनदा वापरली, दोन्ही वेळा भाच्यावर. भाच्याने दोन्ही वेळा परत पहिल्यापासून अक्षरं घेतली.

व्हॉइस नोट शोधायला लागलो आहोत. वहिनीच्या जुन्या फोनमध्ये बऱ्याच निघाल्या, बहुतेक बाजारातून काय आणायचं त्याच्या. एका नोटमध्ये शनिवार खुटावरच्या भाजीवाल्याशी त्याचं कन्नडातून चाललेलं भावताव ऐकू येतं आणि मधेच आम्हाला मराठीत सूचना. अशा, मागे गलका असलेल्या नोट आवाज बनवायला चालतात काय? की गलका काढायला काही करावं लागतं? आणि त्या फोनमधून मूळ दर्जा न घसरता बाहेर कशा काढायच्या, ते कुणी पायरीपायरीने सांगेल काय? भाचा परीक्षेत आहे, मी स्वतः बसून करते.